दोन तास चौदा मिनिटं

आज नळाला पाणी आलं, पाचव्या दिवशी,
पहाटे पावणेचारला,
आणि लाइटही होती.
असा योग दत्तनगरात वर्षातनं दोनदा येतो.
म्हणून एकीकडे ड्रम लावले,
एकीकडे कॉम्प्युटर.

पट्टी म्हणाली, उरले दोन तास चौदा मिनिटं.
मोठा ड्रम भरेपर्यंत म्हणाली, सात मिनिटं.
कळशी उचलून आत आले तर
चार तास.
डिझाइन कधी देणार विचारलं की
नान्नाही व्यापाऱ्याला असंच सांगायचे.

त्यांचा कॉम्प्युटर.
वर धूळ बसू नये म्हणून त्यांनीच काढलेला
मोराचा नॅपकिन.
आत टॉवेल. टॉवेल नवीन. टॉवेल नवीन फायनल.
गड्डा यात्रा फायनल खरं.
गाजूल शेठ उधारी.
मग नुसतंच न्यू फोल्डर,
त्यात न्यू फोल्डर,
त्यात माझ्या बारावीच्या हॉलतिकिटाचा फोटो.
बाकी काही नाही.

ग्राफच्या कागदावर चौकोन भरत भरत डोळे अधू झाले,
तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी माऊस धरला हातात.
म्हणाले, उंदरांशी माझं जुनं आहे.

होतंच.
माळ्यावर जॅकार्डचे पुठ्ठे असायचे, भोकाभोकांचे,
दोरीत ओवलेले, एकेका चादरीचे शेकड्यांनी.
एका पावसाळ्यात त्यातले तीन कुरतडले गेले,
भोकं वाढली,
आणि काठावरच्या फुलाला सहावी पाकळी आली.
नव्वद चादरी विणून झाल्यावर कुणाला तरी दिसलं.
नान्ना दोन दिवस जेवले नाहीत.
पुढच्या वर्षी लातूरचा एक दुकानदार म्हणाला,
ते सहा पाकळ्यांचं पाठवा, तेच चालतं.
मग नव्या पुठ्ठ्यांवर ती भोकं
नान्नांनी मोजून, मुद्दाम पाडली,
उंदराची नक्कल.

श्रीनिवास हैदराबादहून फोनवर शिकवतो,
तीन प्रती पाहिजेत अक्का,
दोन घरात, एक घराबाहेर.
मला हसू आलं.
प्यायचं पाणी फिल्टरच्या टाकीत,
वापरायचं मोरीत,
आणि लग्नकार्य असलं तर चार घागरी
येमूलबाईंच्या गच्चीवर.
हे काय शिकवतो मला.

पावणेसहाला पट्टी थांबली.
एक फाइल वाचता येत नाही म्हणाली,
बॉर्डर सतरा.
पुन्हा प्रयत्न करू, का वगळू?
तीनदा पुन्हा म्हटलं.
मग नान्नांना उठवलं.
ते म्हणाले, असेल कसली तरी, वगळ.
आणि चहा पिताना कितीतरी वेळ
त्यांचं बोट मांडीवर चौकोन मोजत होतं,
दोन रिकामे, एक भरलेला,
दोन रिकामे,
मग बोट तिथंच अडलं.
चहावर साय धरली.

बाहेरची प्रत नॅपकिनात गुंडाळली
आणि रिक्षानं विडी घरकुलला नेली, पिन्नीकडे.
पिन्नीनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं,
तंबाखूचे हात पदराला पुसले,
डिस्क कानाशी धरून हलवून बघितली.
एवढ्यात सगळं हाय?
सगळं. एक बॉर्डर सोडून.
हिला काही लागतं का, ऊन, पाणी?
म्हटलं, काही नाही. वर्षातनं एकदा येऊन
चालू आहे का तेवढं बघायचं.

वर्षातनं एकदा, ती म्हणाली. म्हणजे तू येणार.
हो.

तिनं पत्र्याचा डबा ओढला,
कात्री काढली, पासबुक काढलं,
गहाण कुड्यांची पावती काढली,
सगळ्यात खाली डिस्क ठेवून
पुन्हा एकेक वर रचलं.
झाकण लावता लावता थांबली.

वर्ष लई होतंय गं, म्हणाली.
सहा महिन्यातच बिघडलं तर?